टपावरची वर्तुळं

रेणुकादास सरांना एखादा प्रश्न पडला की घरातल्यांना धडकी भरायची. कुकरची तिसरी शिट्टी दुसरीपेक्षा लवकर का होते, हे घड्याळ लावून बघताना त्यांनी एकदा पत्नी चंद्रप्रभाबाईंच्या वरणाचं पार पाणी करून टाकलं होतं. लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं फिजिक्स शिकवून ते निवृत्त झाले होते. पण माणूस नोकरीतून निवृत्त होतो, खोडीतून नाही.

त्या वर्षीच्या एप्रिलात त्यांना प्रश्न पडला तो गाडीच्या टपाचा.

गाडी मुग्धानं घेऊन दिलेली. मुग्धा त्यांची एकुलती एक लेक, नांदेडला डॉक्टर. साठवलेल्या पहिल्या पैशांतून तिनं बापासाठी गडद निळ्या रंगाची गाडी घेतली आणि किल्ली हातात देताना म्हणाली, "बाबा, ही तुमची प्रयोगशाळा नाही." वर्षभर सरांनी गाडीला तळहाताच्या फोडासारखं जपलं. आता मुग्धा अक्षय्य तृतीयेला येणार होती, आणि आधी फोनवर हुकूम आला होता. "उन्हानं टपाचा रंग उडतो बाबा. वरून पीपीएफ लावून घ्या."

"पीपीएफचं खातं मी केव्हाच बंद केलं," सर म्हणाले.

मुग्धानं कपाळावर हात मारल्याचा आवाज नांदेडहून ऐकू आला.

तर हे दुसरं पीपीएफ, म्हणजे गाडीचा रंग राखणारी फिल्म, लावायला सर रिंग रोडवरच्या आदिनाथच्या दुकानात गेले. आदिनाथ शिरूर अनंतपाळकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, सरांचाच विद्यार्थी. बारावीला फिजिक्समध्ये दोनदा गचकला, मग पुण्यात गाड्यांना फिल्म लावायचं काम शिकून आला. आज त्याच्या दुकानासमोर गाड्यांची रांग असते, आणि वर्गात पहिल्या बाकावर बसणारी मुलं त्याच रांगेत नंबर लावून उभी राहतात. सरांना बघून त्यानं खुर्ची पुसून दिली.

"सर, दोन चिजा हायत," तो समजावू लागला. "पीपीएफ म्हंजे काचंवानी आरपार. जाड असतंय. बारीक खरचटलं तर उन्हाच्या गरमीनं आपोआप भरून येतंय. पण खालचं समदं दिसतंय, चांगलं बी अन् वंगाळ बी. दुसरं व्हिनाइल. ते रंगीत, पातळ. राखण थोडी कमी, पण झाकून टाकतंय. नवा रंगच दिल्यावानी. अन् खर्च बी तिसरा हिस्सा."

वर्गात कधी एक व्याख्या धड न सांगितलेला पोरगा इतकं नीटस सांगतो आहे, याचं सरांना मोठं कौतुक वाटलं. त्यांनी दोन्ही फिल्मचे तुकडे बोटांत धरून ताणून पाहिले, उजेडासमोर धरले, हुंगलेसुद्धा. एवढ्यात टपावर हात फिरवणारा आदिनाथ थांबला.

"सर, हे काय झालंय?"

सर टाचा उंचावून बघू लागले. टपाच्या डाव्या कडेला, मागच्या दाराच्या वर, पांढुरकी वर्तुळं उमटली होती. एक नाही, दोन नाही, चांगली सतरा. एकमेकांत अडकलेली.

"खाऱ्या पाण्याचे डाग हायत," आदिनाथ नखानं खरवडत म्हणाला. "आपल्या बोअरचं पाणी. वाळलं की क्षार धरतंय, अन् उन्हात भाजलं की रंगात बसतंय. आता पीपीएफ लावायचं तर आधी पॉलिश मारून हे काढावं लागंल, न्हाईतर आतून दिसत राहतंय. न्हाईतर व्हिनाइल टाका अन् झाकून मोकळे व्हा."

"पण वर्तुळंच का?"

"आता ते मला काय ठाऊक, सर?"

"थेंब पडला तर ठिपका उमटेल. ओघळ आला तर रेघ. हे आतून कोरडं आहे आणि कडेनं ओलं. म्हणजे काहीतरी गोल, ओल्या काठाचं, इथं ठेवलं जातं. पुन्हा पुन्हा."

"व्हय, ठेवत असंल कुणी तरी. झाकून टाकू की."

सर त्याच्याकडे असे पाहू लागले की आदिनाथला पुन्हा बारावीत बसल्यासारखं वाटलं. "झाकून काय होणार? ठेवणारा उद्या पुन्हा ठेवेल. कारण कळल्याशिवाय उपाय नाही, आदिनाथ. कारण कळलं की मी ठरवीन, तुझं आरपार लावायचं की तुझं झाकणारं."

अक्षय्य तृतीयेला पंधरा दिवस उरले होते. लेकीनं हौसेनं दिलेली गाडी बापानं वर्षात डागाळून ठेवली, हे तिच्या नजरेला पडू द्यायचं नव्हतं. सरांनी घरी येताच जुनी वही काढली, तारीख टाकली आणि कपाटातून व्हर्नियर कॅलिपर शोधून काढला. प्रत्येक वर्तुळाचा व्यास सारखाच भरला, आठ सेंटिमीटरला थोडा कमी. आणि एक गंमत सापडली. एकही वर्तुळ पुरं नव्हतं. प्रत्येकाला एका जागी नखाएवढी फट होती.

सरांच्या अंगात वारं शिरलं. आता त्यांना जेवण सुचेना.

पहिला संशय दूधवाल्यावर. त्याचं माप मोजलं, लहान निघालं. मग पेपरवाला. तो म्हणाला, "सर, मी सायकलवरून उतरतच न्हाई, पेपर नुसता फेकतो." मग शेजारच्या घरी काम करणारे गवंडी. त्यांच्या चहाचे ग्लास मोजले, तेही लहान. मग वरच्या मुली.

वरच्या मजल्यावर बारा मुली राहायच्या. सगळ्या डॉक्टर व्हायला लातुरात आलेल्या. कुणी अहमदपूरची, कुणी देगलूरची, कुणी पार हैदराबादच्या वाटेवरची. आख्ख्या गल्लीत आता घरांपेक्षा भाड्याच्या खोल्या जास्त होत्या, आणि संध्याकाळी क्लास सुटले की रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसायची. सरांच्या घरातल्या मुली मात्र चंद्रप्रभाबाईंच्या शिस्तीत होत्या. जिन्यात चप्पल ठेवायची नाही, बॅग ठेवायची नाही, जिन्याच्या दाराला कुलूप घालायचं नाही. बाई शिस्तीच्या आहेत, एवढंच सरांना वाटायचं.

"गाडीवर तुम्ही बाटल्या ठेवता का गं?" सरांनी देगलूरच्या शिल्पाला विचारलं.

"न्हाई काका. गाडीला हात लावला तर काकू रागावतात," शिल्पा म्हणाली. "पण काका, तुम्ही गावाला गेलता तवा एकदा पहाटं खाली काहीतरी धाडकन पडलं होतं. काकू धावत वर आल्या आन् आमा सगळ्यांना अंगणात उभं केलं. मग कळलं, मांजर होती म्हणून. आमी लई हसलो."

सरांनी वहीत लिहिलं, 'मांजर', आणि पुढं प्रश्नचिन्ह केलं. मांजराचा पाय आठ सेंटिमीटरचा नसतो. ते 'मांजर' त्यांनी खोडून टाकलं. सगळ्या चौकशीतला खरा धागा हातात आला होता आणि मास्तरांनी तो खोडरबरानं पुसला. हुशार माणसांची मला कधीकधी कीव येते ती यामुळं.

पाचव्या दिवशी बाई देवळात गेल्या होत्या. तहान लागली म्हणून सर स्वयंपाकघरात गेले, आणि माठावरचं भांडं उचलताना त्यांच्या डोक्यात उजेड पडला. गोल, ओल्या काठाचं. भांडंच की! त्यांनी कॅलिपर आणला. पेले, वाट्या, डबे, पातेली, सगळी मांडणी त्यांनी खाली उतरवली. एकही जुळेना. शेवटी तांदळाच्या डब्यामागं, जुन्या फडक्यात गुंडाळलेला एक पितळी तांब्या हाताला लागला. फडकं ओलं होतं. त्याच फडक्यात एक फुलपात्र आणि एक छोटी वाटी.

तांब्याचं तोंड मोजलं. बरोब्बर. काठाला एका जागी चेप होता, नखाएवढा.

सापडलं, म्हणून सर अगदी मोठ्यानं ओरडणार होते. तेवढ्यात त्यांनी तांब्या फिरवला आणि त्यावर कोरलेली अक्षरं वाचली. 'कु. रुद्राणी. धावण्याची शर्यत. पहिला नंबर.'

सर फरशीवरच बसले.

रुद्राणी चंद्रप्रभाबाईंची धाकटी बहीण. औसा तालुक्यातल्या गावाहून लातूरला शिकायला यांच्याकडेच राहिलेली, चौदा वर्षांची, पायाला भिंगरी लागलेली पोर. त्र्याण्णव साल. गणपतीला ती गावी गेली. विसर्जन झालं की सकाळच्या एसटीनं परत यायची होती. त्या पहाटे जमीन हलली आणि दगडमातीचं घर खाली आलं. आई-वडील अंगणात झोपले होते, ते वाचले. ही आत होती. ढिगाऱ्यातून वडिलांनी जे आणलं त्यात हा तांब्या होता.

बाई देवळातून आल्या तेव्हा स्वयंपाकघरात सगळी भांडी फरशीवर मांडलेली, आणि मधोमध नवरा मांडीवर तांब्या घेऊन बसलेला.

"काय करून राहिलात हे?" बाईंनी विचारलं, आणि मग तांब्या दिसला. त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. "गाडीला डाग पडले म्हणून रागावलात?"

"नाही," सर म्हणाले. "पण हे टपावर कसं आलं?"

"रात्री मी ठेवते. पालथा तांब्या, त्यावर पालथं फुलपात्र, त्यावर वाटी. सकाळी तुम्ही उठायच्या आत काढते. धुऊन ठेवते म्हणून काठ ओला राहतो. पदरानं टप पुसते मी. एखाद्या दिवशी राहून जातं."

भूकंपानंतर सगळ्या लातुरानं हे केलं होतं. भांड्यांची उतरंड रचायची. जमीन जरा हलली की भांडी खणखणत पडायची आणि माणसं बाहेर धावायची. सरांच्या घरातही वर्षभर ती उतरंड होती. मग एक दिवस कॉलेजचे प्राचार्य चहाला आले. कोपऱ्यातली भांडी पाहून त्यांनी भुवया उंचावल्या, आणि रेणुकादास हसून म्हणाले होते, "आमच्या मंडळींचा भूकंपमापक आहे तो. फिजिक्सवाल्याच्या घरात!" सगळे हसले होते. त्या दिवसापासून उतरंड दिसली नाही. सरांना वाटलं होतं, बायकोची भीती गेली.

"गेली नव्हती," बाई म्हणाल्या. "कपाटामागं ठेवत होते मी. पण वर पोरी आल्या. त्या उड्या मारतात, पंपाची मोटर चालते, भांडी उगंच पडायला लागली. मग मार्चात नांदेड-हिंगोलीकडं धक्के बसले ना, तेव्हा तुम्ही अंगणात पोरींना शिकवत होतात. बंपर दाबून दाखवलंत. गाडी चार स्प्रिंगांवर उभी आहे, जमीन हलली तर आधी हिला कळेल, म्हणालात. मी दारात मेथी निवडत होते."

सरांना ते आठवलं. मुलींनी ते वहीत लिहून घेतलं होतं. वहीत न लिहिता ध्यानात धरणारी एकच होती.

"बारा जणींच्या आया मला सांगून जातात, काकू, पोरगी तुमच्या पदरात घातली," बाई म्हणाल्या. "रुद्राणी लई जोरात पळायची हो. अख्ख्या गावात तिच्यापुढं कुणी नव्हतं. ती सुटली असती. कुणीतरी उठवायला पाहिजे होतं, एवढंच."

सरांना स्वतःचा फार राग आला, आणि त्या रागाचं काय करावं हे कळेना.

"तू मला सांगायचंस तरी," ते शेवटी म्हणाले.

"तुम्ही दूधवाल्याला विचारलंत, पेपरवाल्याला विचारलंत, गवंड्यांचे ग्लास मोजलेत," बाई म्हणाल्या. "शिल्पाला विचारलंत. मी तर इथंच होते. मला कुठं विचारलंत?"

एकतीस वर्षं पोरांना प्रश्न विचारा, प्रश्न विचारा म्हणून कानीकपाळी ओरडलेला हा माणूस. त्यांनी एकेक भांडं उचलून मांडणीवर लावायला घेतलं. चुकीच्या जागी लावलेलं बाई मागून नीट करत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आदिनाथच्या दुकानात सर आले ते बाईंना घेऊन. बाईंच्या हातात कापडी पिशवी.

"कारण सापडलं का सर?" आदिनाथनं विचारलं.

"सापडलं. आता प्रयोग करायचा आहे. टपावर पीपीएफ लावलेली एक गाडी दाखव, आणि एक व्हिनाइलवाली."

दुकानात दोन्ही उभ्या होत्या. बाईंनी पिशवीतून तांब्या काढला, तिथल्याच बादलीत बुडवला आणि पीपीएफ लावलेल्या टपावर पालथा घातला. वर फुलपात्र, वर वाटी. दोन गिऱ्हाइकं मोबाइल खाली ठेवून बघू लागली. सरांनी बंपरवर दोन्ही हात ठेवले आणि गाडी हलवली. उतरंड डुलली, पण तांब्या त्या मऊ फिल्मला चिकटून बसला. सरांनी जोर केला. वाटी तेवढी घरंगळली.

"हे धरून ठेवतंय," बाई म्हणाल्या.

"मग, काकू! पीपीएफ हाय ते," आदिनाथ खुशीत म्हणाला.

"तेच नको."

आता व्हिनाइल. बाईंनी तशीच उतरंड रचली. सरांनी बंपर जेमतेम दाबला असेल, ओला तांब्या गुळगुळीत टपावरून सुर्रकन घसरला आणि तिन्ही भांडी फरशीवर आपटून असा काही दणका झाला की समोरच्या टपरीवरचा चहावाला बाहेर आला. बाईंचा चेहरा उजळला.

"हेच!"

"पुन्हा करून बघ," सर म्हणाले. "एकदा झालं म्हणजे सिद्ध झालं असं नाही."

पाच वेळा केलं. पुढच्या खेपांना बाईंनीच बंपर दाबला आणि सर भांडी गोळा करत राहिले. तिसऱ्या खेपेला बाई म्हणाल्या, "टप कोरडा असला तर?" आणि सरांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना सुचायला हवा होता. कोरड्यावरही करून पाहिलं. जरा उशिरानं, पण पडली.

"काकू, दुकान उघडल्यापासून असं गिऱ्हाईक बघितलं न्हाई," आदिनाथ डोकं खाजवत म्हणाला. "लोकं काय टिकंल ते बघत्यात. तुम्ही काय पडंल ते बघून राहिलात."

सरांनी त्याला सगळं सांगितलं. खाली लोळत आलेली वाटी आदिनाथनं उचलून शर्टाला पुसली आणि दोन्ही हातांनी बाईंना दिली.

"मी सात वर्षांचा हुतो," तो म्हणाला. "आमच्या आईनं बी दोन वर्षं परातीत भांडी रचून ठेवली हुती. मग बंद केली. का केली, मी बी कधी इचारलं न्हाई." मग टपाकडं बघत तो म्हणाला, "काकू, पण व्हिनाइलवर बी डाग पडतील हां."

"पडू दे," बाई म्हणाल्या. "पांढरं लाव. कमी तापतं."

अक्षय्य तृतीयेला मुग्धा दुपारी आली. फाटकातून आत येता येताच तिला निळ्या गाडीचा पांढराशुभ्र टप दिसला आणि ती तिथंच थबकली. मग जवळ गेली, आणि मागच्या दाराच्या वर, टपाच्या कडेवर तिची नजर खिळली. नव्याकोऱ्या पांढऱ्यावर पाण्याचं एक फिकट वर्तुळ वाळलं होतं, एका जागी तुटलेलं.

"बाबा! मी पीपीएफ सांगितलं होतं. हे व्हिनाइल का लावलं? आणि आठ दिवसांत डाग? हे कशाचं वर्तुळ आहे?"

सरांच्या जिभेवर सगळं तयार होतं. दोन्ही फिल्मची जाडी, घर्षण, चार स्प्रिंगा, क्षार, व्यास, फट. सगळं वहीत आकृत्यांसकट लिहिलेलं होतं, आणि एखादी गोष्ट समजावून सांगायची संधी या माणसानं आयुष्यात कधी सोडली नव्हती. त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं.

आतून आमरसाचा वास येत होता. वरच्या पोरी जिन्यातून धडाधडा उतरत होत्या, कारण आज काकूंनी सगळ्यांना पुरणपोळीचं जेवण सांगितलं होतं.

"आईला विचार," सर म्हणाले.

"तुम्हाला माहीत नाही?"

"मला माहीत व्हायला तीस वर्षं लागली. तू आजच विचार."

मुग्धानं बापाकडं निरखून पाहिलं. मग चपला काढून, ओट्यापाशी पोळ्या लाटत असलेल्या आईशेजारी जाऊन ती उभी राहिली.